हिवरवाडीच्या तळ्याचा अनुमोदक

लोक मला अजून विचारतात, सिंधुबाई, तुमच्या मालकांनी एवढी वर्षं झेडपीत केलं तरी काय? मी सांगते, अनुमोदन दिलं. हसायचं असलं तर हसा. आधी मीपण हसायची.

ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगते. जिल्हा परिषदेच्या सभेत एकट्याच्या बोलण्यानं ठराव होत न्हाई. एक जण मांडतो, तो सूचक. दुसऱ्यानं उठून त्याला दुजोरा द्यावा लागतो, तो अनुमोदक. अनुमोदक मिळाला न्हाई तर ठराव तिथंच पडला, मग तो सोन्याचा का असंना. सूचक व्हायला सगळे पुढं पुढं करतात, कारण त्याचं नाव पेपरात येतं, गावात त्याचा हार-तुरा होतो. अनुमोदकाला कोण विचारतंय? त्या कामाला आमचे मालक. मुंजाजी शिनगारे, मुक्काम हिवरवाडी, तालुका वडवणी. बीडच्या त्या सभागृहात ते शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. पुढून नाव पुकारलं की उठायचे, धोतर सावरायचे, "माझं अनुमोदन हाय" म्हणायचे अन् बसायचे. एवढ्यावर त्यांची जिंदगी गेली.

गावातली टवाळ पोरं त्यांना मागून नंदीबैल म्हणायची. त्यातल्या एकाच्या कानाखाली मी बाजारात सगळ्यांदेखत आवाज काढला होता. पण घरी आल्यावर मीच त्यांना तेच म्हणायची. माझा नवरा हाय, मी म्हणीन. दुसऱ्यानं कावून म्हणावं?

माणूस मुळात मुका न्हवता, बरं का. बहात्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी होते. अंगाची हळद उतरली न्हाई तोवर डोक्यावर टोपलं आलं. गावाच्या वर दोन टेकड्यांच्या मधी सरकारनं तळ्याचं काम काढलं होतं. कामावर वाटायचे ती पिठाची सुकडी खायची अन् माती वाहायची. माझी जोडीदारीण भिमाबाई. ती बौद्धवाड्यातली. तिच्या हातचं पाणी माझ्या सासूला चालत न्हवतं, अन् तिथं तळ्याच्या पाळीवर, म्हंजे बांधावर, आमी दोघी एका तांब्यानं पाणी प्यायचो. सासूला कळलं असतं तर तिनं मला उभी चिरली असती. आमचे मालक कामावर मुकादम होते. पोटुशी बाई आली की तिला बाभळीच्या सावलीत बसवायचे अन् हजेरी पूर्ण लावायचे. एकदा इंजिनिअरनं हटकलं, तर त्याला म्हणाले, पोटातलं अन् पोटाबाहेरचं मिळून दोघांची हजेरी लावायला पाहिजे, मी एकाचीच लावतोय. अख्खं काम हसलं. असं बोलायचा हा माणूस.

तिथंच मोहनराव साहेब पहिल्यांदा आले. तवा कोण साहेब म्हणत न्हवतं त्यांना. धुरळ्यानं माखलेल्या जीपमधून खेडोपाडी हिंडायचे अन् सहकाराच्या गोष्टी सांगायचे. मालकांच्या फडक्यातली भाकर त्यांनी मोडून खाल्ली, वर मिरचीचा ठेचा मागून घेतला. म्हणाले, हे तळं भरलं की तुमच्या शिवारात ऊस येईल, अन् ऊस गाळायला आपला सगळ्यांचा, शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा राहील. मालकांना त्या दिवशी जे याड लागलं ते लागलं. पुढं कारखान्याचे शेअर गोळा करायला ते सायकलवर पार चकलांब्यापर्यंत जायचे. लोक मालकांच्या तोंडाकडं बघून शेअर घ्यायचे. मुंजाजी सांगतोय म्हंजे खोटं नसणार, असं म्हणायचे.

तळ्याचं मात्र त्र्याहत्तरला पाऊस पडला अन् काम थांबलं. सरकारचं असंच असतं. पाळ अर्धी, मधी मोठं खिंडार. आभाळातून आलेलं पाणी आमच्या डोळ्यादेखत त्या खिंडारातून निघून जायचं. वर्षामागून वर्षं गेली. तवर कारखाना उभा राहिला अन् साहेब त्याचे चेअरमन झाले. मग एकोणऐंशीला त्यांनी मालकांना झेडपीचं तिकीट दिलं. ते निवडून आले अन् त्यांनी साहेबांकडं एकच गोष्ट मागितली, ती पाळ पुरी करा. साहेबांनी शब्द पाळला, हे मी नाकारत न्हाई. खोटं बोलून मला काय करायचंय? खिंडार बुजलं, सांडवा झाला अन् एका पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. पूजेला साहेब आले. सगळ्या गावासमोर मालकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मुंजाजी, हे तळं तुझं."

त्या एका वाक्यावर आमचा माणूस विकला गेला. खाल्ल्या मिठाला जागायचं, हे एकच त्यांना ठाऊक. साहेबांचा माणूस सूचक असला की अनुमोदक मुंजाजी. रस्ता असो, शाळाखोली असो, कुणाच्या भाच्याची नेमणूक असो. बाकीच्या मेंबरांनी त्यात पेट्रोलपंप केले, कॉलेजं काढली. आमच्या घरावरचे पत्रे तेवढे नवे झाले, तेही माझ्या भावानं आणून टाकले म्हणून. मी म्हणायची, अहो, एकदा तरी काही मागा. ते म्हणायचे, "आपलं मागून झालंय, सिंधू. तळं मिळालं की." त्यांच्या या इमानाला मी काय म्हणू? पुढच्या आळीतल्या आणि बौद्धवाड्यातल्या, दोन्हीकडच्या विहिरी त्याच तळ्याच्या पाझरावर जगत होत्या. बाया उन्हाळ्यात घागर बुडवायच्या अन् मुंजाजी आबाचं नाव काढायच्या. त्यांना तेवढंच पुरे होतं.

मधी एकदा आमचा गट बाईसाठी राखीव झाला, तवा मला उभं केलं. पाच वर्षं मी मेंबर. मालक बाहेर लिंबाखाली बसायचे अन् मी आत त्यांच्याच खुर्चीत. पहिल्याच सभेत मी उठून विचारलं, वडवणीच्या दवाखान्यात बाईडॉक्टर कावून न्हाई? सगळं सभागृह मागं वळून बघायला लागलं, जणू खुर्चीच बोलली. संध्याकाळी साहेबांचा निरोप, वहिनींना सभा कशी चालते ते जरा समजावून सांग. मालकांनी मला समजावलं. आमचं असं भांडण झालं की मी चार दिवस त्यांच्या ताटात नुसती भाकर आपटत होते. पण त्या पाच वर्षांत मला कळलं की सभा सभागृहात होतच न्हाई. कुणी मांडायचं, कुणी दुजोरा द्यायचा, कुणी गप बसायचं, हे सगळं आदल्या दिवशी साहेबांच्या बंगल्यावर ठरतं. आत नुसतं सोंग.

आता मूळ गोष्टीवर येते. दोन हजार बाराचा पावसाळा. तुमी त्या वर्षी मराठवाड्यात असाल तर मला काही सांगायची गरज न्हाई. पालीजवळचं धरण तळ दाखवायला लागलं, गावोगाव टँकर, माणसं जनावरं घेऊन छावणीत. पण सरत्या पावसाळ्यात एक ढग नेमका आमच्या टेकड्यांवर फुटला अन् आमचं तळं अर्ध्याच्या वर भरलं. आजूबाजूच्या दहा गावांत पाणी होतं ते आमच्याकडं. मालक पंचाहत्तरीला टेकले होते तरी रोज सकाळी पाळीवर जाऊन बसायचे. कुणी आलं की त्याला पाणी दाखवायचे, घरात नातू जन्मलाय अशा थाटात. मला म्हणायचे, "उन्हाळा निघाला बघ आपला." बरं वाटायचं. खरंच सांगते, त्या दिवसांत मला त्यांचा अभिमान वाटायचा.

दिवाळीच्या आधी बीडला सभा झाली. ते गेलते अन् आलते. काय झालं विचारलं तर म्हणाले, नेहमीचंच. हातपाय धुतले, जेवले, झोपले.

दिवाळी झाली अन् तळ्यावर जेसीबी आला. मागं पाइपांनी भरलेले ट्रक, मोठाले पंप. धुणं धुवायला गेलेल्या बाया धावत आमच्या दारात. मालकांनी काठी उचलली अन् निघाले, मी मागं. तिथं एक तरुण इंजिनिअर उभा होता. पोरगं चांगलं होतं, मालकांना बसायला खुर्ची दिली. म्हणाला, आबा, हे पाणी कारखान्याला चाललंय, पाण्यावाचून गाळप बंद पडायला नको म्हणून. झेडपीची मंजुरी हाय.

मालक म्हणाले, "मी झेडपीतच हाय. कुणी दिली मंजुरी?"

पोरगं गडबडलं. म्हणालं, "आबा, तुमचंच अनुमोदन हाय की."

मी त्यांच्या मागंच उभी होते. त्यांनी काठी खाली टेकवली अन् खुर्चीत बसले. मग म्हणाले, वडवणी तालुक्यातल्या तलावाचं पाणी उद्योगासाठी, असं काहीतरी सभेत वाचून दाखवलं होतं खरं. कोणता तलाव ते विचारलं न्हाई. साहेबांच्या माणसानं वाचलं, साहेबांच्या माणसानं नाव पुकारलं, त्यात विचारायचं काय? मला असा संताप आला की तिथं गाव उभं हाय याचंही भान राहिलं न्हाई. मी म्हणाले, अहो, उद्या तुमच्यासमोर माझा लिलाव पुकारला तरी तुमी उठून अनुमोदन द्याल.

पण घरी येऊन डोकं थंड झाल्यावर मला दुसरंच कळलं. सभेत एवढे मेंबर. कुणीही उठला असता. मग नेमकं यांचंच नाव कावून पुकारलं? कारण उद्या हिवरवाडी भांडायला उठली तर सांगता यावं, तुमच्याच माणसानं दिलंय. याला म्हणतात केसानं गळा कापणं. शत्रूनं केलं असतं तर समजलं असतं. ज्यानं भाकर मोडून खाल्ली त्यानं केलं.

दुसऱ्या दिवशी आमी साहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेबही म्हातारे झाले होते, गुडघ्याला पट्टा बांधून बसले होते. चहा मागवला. लई गोड बोलले. कारखाना बंद पडला तर सगळ्या सभासदांचा ऊस उभा वाळेल, सहकार बुडेल, तुझ्या गावाला मी टँकर चालू करतो. मालक खाली बघत ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "साहेब, मला एकदा विचारायचं तरी होतं."

साहेब हसले. रागावले न्हाईत, हसले. म्हणाले, "मुंजाजी, विचारलं असतं तर तू न्हाई म्हणाला असतास का?"

मालकांनी चहाचा कप खाली ठेवला. मला दहा उत्तरं सुचत होती, पण माझ्याकडं कुणी बघत न्हवतं. उठताना मालक सवयीनं साहेबांच्या पाया पडले. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. गाडीत बसल्यावर मी त्यांच्याकडं पाठ करून बसले ती गाव येईपर्यंत.

पंप चालू झाले. पाणी रोज उतरायचं. संक्रांतीच्या आत बौद्धवाड्याची विहीर आटली, मग आमची. टँकर यायचा, कधी न्हाई यायचा. गावानं मालकांना वाळीत टाकलं न्हाई, पण त्याहून वाईट केलं, बोलायचं सोडलं. पारावर ते गेले की एकेक जण उठायचा. एक दिवस भिमाबाई रिकामी घागर घेऊन आमच्या अंगणात आली. म्हातारपणानं पाठीत वाकलेली. मला वाटलं पाणी मागायला आली, मी आत वळले. ती म्हणाली, पाणी नको. मालकांच्या समोर जमिनीवर बसली अन् शांतपणे म्हणाली, "आबा, तळं आमी बांधलं. तुमी देऊन टाकलं. आता परत आणा."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मालकांनी मान हलवली. त्या दिवशी ते ताट सारून उठले अन् मला म्हणाले, मंजुरी रद्द करायचा ठराव मांडतो. मी स्वतः सूचक.

मला आधी खरंच वाटेना. एवढ्या वर्षांत यांनी साधी सूचना मांडली न्हवती. पण ते पेटले होते. गोठ्यात बैलांसमोर उभं राहून काय बोलायचं ते घोकायचे. अनुमोदक लागणार म्हणून जुन्या मेंबरांच्या घरी गेले. गेवराईच्या बंकटरावांच्या रस्त्याला यांनीच अनुमोदन दिलं होतं, त्यांच्या शाळेलाही यांनीच. बंकटरावांनी जेवू घातलं, म्हणाले, आबा, तुमाला न्हाई म्हणायचं का? तुमी मांडा, मी उठतो. आणखी तिघाचौघांनी तसंच सांगितलं. मालक घरी आले ते जुन्या मुकादमासारखे ताठ चालत. म्हणाले, "माणसं विसरली न्हाईत, सिंधू." मी पण विश्वास ठेवला. ठेवावाच वाटला मला.

सभेच्या दिवशी टेम्पो भरून बाया बीडला आल्या, घागरी घेऊन गेटाबाहेर बसल्या. भिमाबाई सगळ्यात पुढं. मी जुनी मेंबर म्हणून शिपायानं ओळखलं अन् आत भिंतीकडच्या बाकावर बसू दिलं. मालकांची खुर्ची माझ्यापासून हातभर अंतरावर होती. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं.

त्यांचा विषय आला. ते उठले. "अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, "हिवरवाडीचं तळं लोकांनी सुकडी खाऊन बांधलं. त्याचं पाणी मी न ऐकता देऊन बसलो. चूक माझी हाय. माझ्या चुकीची शिक्षा गावाला नको. ती मंजुरी रद्द करावी, असा ठराव मी मांडतो." एवढंच. त्यांनी स्वतःवर घेतलं, साहेबांचं नावसुद्धा काढलं न्हाई. माझे डोळे भरून आले.

अध्यक्षांनी विचारलं, "अनुमोदक?"

कुणी उठलं न्हाई. मी बंकटरावांकडं बघितलं. ते मोबाइल बघत होते, मान वर करीनात. दुसरे एक जण पाण्याची बाटली घेऊन उठले, मला वाटलं आता बोलतील, ते दारातून बाहेर गेले. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, अनुमोदक हाय का कुणी? ज्यांच्या ज्यांच्यासाठी हा माणूस उठला होता ते सगळे तिथं बसून होते. मालक एकेकाच्या पाठीकडं बघत होते. त्यांना अजून वाटत होतं की कुणीतरी उठंल.

मला राहवलं न्हाई. मी उभी राहिले अन् म्हणाले, माझं अनुमोदन हाय, लिहून घ्या. दोन-चार जण हसले. अध्यक्ष म्हणाले, ताई, तुमी आता सदस्य न्हाईत, बसून घ्या, न्हाईतर बाहेर काढावं लागंल. मग त्यांनी पुढं बघून सांगितलं, अनुमोदक नसल्यामुळं ठराव बाद. पुढचा विषय घ्या.

मालक बसले न्हाईत. हट्टानं न्हाई. त्यांना बहुतेक कळलंच न्हाई की संपलं. दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून ते तसेच उभे. मी मागून धोतर ओढून म्हणाले, अहो बसा. ऐकू गेलं न्हाई.

पुढचा विषय कुणीतरी वाचायला घेतला होता. भीषण दुष्काळातही कारखान्याचं गाळप यशस्वीपणे चालू ठेवल्याबद्दल मोहनराव साहेबांच्या अभिनंदनाचा ठराव. सूचक बंकटराव. ते लगेच उठले, मोठ्यानं बोलले. अध्यक्षांनी अनुमोदक कोण, म्हणून मान वर केली, तर शेवटच्या रांगेत आमचे मालक उभे. त्यांना त्या जागी उभं बघायची सगळ्यांना एवढ्या वर्षांची सवय. अध्यक्षांनी बोट केलं, "मुंजाजी आबा," अन् कारकुनानं नाव लिहून घेतलं. सगळ्यांनी बाकं वाजवली.